पेशी छापणारा जावई

माझ्या सासऱ्यांना दोन मुली, म्हणून दोन जावई. दोघेही छापायच्या धंद्यातले, असं ते सांगत. समुद्रपूरजवळच्या त्यांच्या गावी कोणी पाहुणा आला की छपरीत बाजेवर बसल्या बसल्या ते आमची ओळख करून देत.

"हे थोरले जवाई. वर्ध्याले लग्नाच्या पत्रिका छापतेत. आन् धाकले बंगलोरले पेशी छापतेत."

'पत्रिका' म्हणताना त्यांचा आवाज होता तसाच राही. 'पेशी' म्हणताना तो थोडा वर जाई, आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहायला ते क्षणभर थांबत. मला ते थांबणं सहन होत नसे.

माझा छापखाना मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काढला. आधी पायाने चालवायचं ट्रेडल, मग एका रंगाचं जुनं ऑफसेट. पत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. लग्न झालं तेव्हा धाकटी मेहुणी शाळेत होती, त्यामुळे पुढची सात-आठ वर्षं त्या घरात जावई म्हणजे मी एकटाच. दिवाळीला पहिलं पाणी माझ्या हातावर पडायचं. सासरे शेतातला पहिला हुरडा मला पाठवायचे. यात माझं काही कर्तृत्व नव्हतं, पण माणसाला सवय होते.

मग साडू आले. वयाने माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, जीवशास्त्रात डॉक्टरेट. बंगलोरच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या शरीरातल्या जिवंत पेशी वाढवायच्या आणि आपल्या टेबलावर असतो तसल्या इंकजेट प्रिंटरमधून त्यांचे थर छापायचे, हे त्यांचं काम. शाईच्या जागी पेशी आणि कागदाच्या जागी मऊ जेलीचा थर. पुढेमागे असं छापलेलं कातडं भाजलेल्या माणसाला लावता येईल, नवं औषध माणसाला देण्याआधी त्यावर तपासून पाहता येईल, असा त्यामागचा विचार.

सासऱ्यांना माहीत असलेली पेशी मात्र वेगळी होती. शेजारच्या शेतकऱ्याशी त्यांची धुऱ्याची केस चालू होती. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तो कुणी कुणाकडे सरकवला, हे हिंगणघाटच्या कोर्टात माझ्या लग्नाच्या आधीपासून ठरत होतं. कोर्टाच्या तारखेला आमच्याकडे पेशी म्हणतात. "उद्या पेशी हाय" म्हटलं की घरात सगळ्यांना कळे की म्हातारा पहाटेच्या एस.टी.ने जाणार आणि दुपारी पुढची तारीख घेऊन येणार.

साडूंच्या पहिल्या दिवाळीला मी तिथेच होतो. सासऱ्यांनी विचारलं, "जवाईबापू, काम काय करता तुमी नेमकं?"

साडू म्हणाले, "मामाजी, मी पेशी छापतो."

सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "साऱ्याच छापता का?"

"सध्या थोड्याच जमतात. हळूहळू सगळ्या जमतील."

"हिंगणघाटच्याबी?"

साडूंना ही थट्टा वाटली. ते हसून म्हणाले, "हिंगणघाटच्या काय मामाजी, कुठल्याही माणसाच्या."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "आयकलं का? अन् आपण त्या वकिलाच्या घरी तुरीची डाळ पोचवून राह्यलो."

मला चूक दिसली की गप्प बसवत नाही. प्रूफ तपासणाऱ्याची खोड. साडू परत गेल्यावर मी सासऱ्यांना नीट समजावून सांगितलं. ही पेशी कोर्टाची नव्हे, शरीराची. आपलं अंग बारीक बारीक कणांचं बनलेलं असतं, त्यातला एक कण म्हणजे पेशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थोरले, तुमी पत्रिका छापता. कोर्टाचं तुमाले काय माईत?" त्यात भर म्हणजे पुढची तारीख नेमकी लवकरची लागली. सासऱ्यांनी बंगलोरला फोन करून धाकट्या जावयाचे आभार मानले. साडूंना काही कळलं नसावं, पण सभ्य माणूस, "काही हरकत नाही" म्हणाले.

बायको मला म्हणाली, "तुमी सांगाले गेलतेच कायले? बाबाले वाटते, तुमाले खुपते."

"खुपत नाही. चूक आहे म्हणून सांगितलं."

"हाव. त्याच्या ताटातलीच चूक बरी दिसते तुमाले."

खुपत होतं. तो माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. पण ते नम्र होते, व्यसन नाही, मेहुणीशी वागणं चांगलं. आणि खरा सल वेगळाच होता. त्यांचं काम त्या घरात मला एकट्यालाच कळत होतं. छापलेलं चित्र जवळून पाहिलं की ते ठिपक्यांचं असतं. ठिपका कुठे पडला, किती मोठा पडला, यावरच सगळं. तोच ठिपका या माणसाने जिवंत केला होता. बाकीच्यांना त्यांचं कौतुक न कळता वाटत होतं, मला कळून जळावं लागत होतं.

काही वर्षांनी सासऱ्यांच्या पायाचं झालं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटल्यावर वावरात राहिलेलं एक खुंट त्यांच्या उजव्या पायाच्या चवड्यात घुसलं. शुगरमुळे पायाला जाणीव कमी, त्यामुळे ते त्याच पायाने चार दिवस हिंडले. सासूबाईंना वास आला तेव्हा कळलं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, जखम साफ केली, आणि रोजच्या पट्टीसाठी सासरे आमच्या बोरगाव मेघेच्या घरी राहायला आले.

रोज सकाळी त्यांना स्कूटरवर दवाखान्यात नेऊन मग मी छापखाना उघडायचा. दर रविवारी मी जखमेवर धुतलेलं पातळ प्लास्टिक ठेवून कडेने पेनने रेघ मारी, आणि ती आकृती छापखान्यातल्या बटर पेपरवर उतरवून चौकोन मोजी. जखम वाढते की आटते हे नजरेने कळत नाही, नजर रोज फसते. सासरे म्हणायचे, "पोरी, तुह्या नवऱ्यानं माह्या पायाची मोजणी लावली वं. एवढी मोजणी त्या धुऱ्याची केली असती तं केस संपली असती."

चैत्रात डॉक्टरांनी सांगितलं, "जखम आता स्वच्छ आहे, तळाला लाल दाणे आलेत. हीच वेळ आहे. मांडीवरचा पातळ पापुद्रा काढून इथे लावू."

"आन् नाई लावला तं?" सासऱ्यांनी विचारलं.

"उन्हाळा आहे, शुगर आहे. पुन्हा पू झाला आणि हाडापर्यंत गेला तर बोटं काढावी लागतील. कदाचित पाऊलही."

सासरे बाहेर आले आणि स्कूटरजवळ उभं राहून म्हणाले, "मांडी सोलून पायाले लावाची. म्हणजे एका वावरातली माती उचलून दुसऱ्यात टाकाची. मंग पहिल्या वावराचं काय?"

"मांडीची कातडी पुन्हा येते, मामाजी. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"पण आमाले कायले पाह्यजे हे? धाकले कातडी छापून राह्यले नं तिकडे!"

मेहुणीने मध्यंतरी फोनवर सांगितलं होतं की हे हल्ली कातडीच्या पेशी छापतात. कोर्टाची पेशी सासऱ्यांच्या डोक्यातून निघाली नव्हतीच, तिच्या शेजारी ही दुसरी येऊन बसली. एकच जावई दोन्ही छापतो, यात त्यांना काही अवघड वाटत नव्हतं.

मी म्हणालो, "ते अजून माणसाला लावायच्या कामाचं नाही. अजून बरीच वर्षं लागतील."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "थोरले, राग नका मानू. त्याचं छापलेलं आपल्या घरी लागूच नये, असं वाटते तुमाले."

हे खरं होतं. त्यांच्या पायावर साडूंनी छापलेलं कातडं बसलं असतं आणि गावोगावचे लोक ते पाहायला आले असते, तर मला अन्न गोड लागलं नसतं. पण ऑपरेशन आत्ताच करावं, हेही तितकंच खरं होतं. माझी जळजळ त्यांना इतक्या वर्षांच्या सहवासाने ओळखू येत होती, आणि तिच्यामुळे माझ्या तोंडून निघणारं प्रत्येक वाक्य त्यांच्या लेखी खोटं ठरत होतं. बायकोचंही ऐकेनात. "तुले नवऱ्यानं शिकवलं," म्हणाले.

वैशाख संपत आला. बटर पेपरवरची आकृती आता आटत नव्हती. एका रविवारी ती मागच्यापेक्षा मोठी भरली. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले आणि सासऱ्यांना दाखवले. ते म्हणाले, "तुमचा कागद हलला असंन." डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर वाट पाहतो, त्यापुढे मी बोटांची खात्री देणार नाही."

त्याच आठवड्यात अधिक महिना लागला. आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावयाचा मान करायचा असतो. सासऱ्यांनी हट्टाने गावी जायचं ठरवलं. पाय फडक्यात गुंडाळून मी त्यांना भाड्याच्या जीपने नेलं. साडू बंगलोरहून आले.

पाटावर आम्ही शेजारी बसलो. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचा रिवाज आहे, दिवा लावून, तांब्याच्या ताटात. सासूबाईंनी ताटं पुढे ठेवली. कोणी मोजत नाही. मी मोजले. माझ्या ताटात एकतीस होते. साडूंच्या ताटात तेहतीस. दोन तळताना फुटले असतील, हे मला कळत होतं. फुटले ते माझ्याच वाट्याचे कसे, एवढंच कळत नव्हतं.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं मागच्या अंगणात निंबाखाली बाज टाकून बसलो. ऊन असं होतं की कोंबड्यासुद्धा पाण्याच्या टाकीखाली बसल्या होत्या. मला त्यांच्याशी पायाबद्दल बोलायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "ओल्या थरावर छापता तुम्ही. पावसाळ्यात माझा कागद नुसता सर्दाळला तरी फुगतो, आणि दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही, केसभर सरकतो. तुमचा तर कागदच ओला. मग दुसरा थर पहिल्यावर बरोबर कसा बसतो?"

हा प्रश्न मी कित्येक महिने जपून ठेवला होता. बंगलोरमध्ये कोणाला सुचला नसेल, अशी माझी समजूत होती.

त्यांचा चेहरा खुलला. "साडूभाऊ, अगदी मुद्द्याचं विचारलंत! आमचं पहिलं वर्ष यातच गेलं." मग त्यांनी सांगितलं की प्रत्येक थर पडल्याबरोबर घट्ट व्हावा म्हणून ते काय करतात, आणि खालचा थर किती हलला ते मोजून यंत्र स्वतःच जागा कशी सुधारतं. कंटाळा नाही, मोठेपणा नाही. मी मान डोलवत राहिलो. माझा एकुलता एक प्रश्न त्यांच्या पहिल्याच वर्षात संपलेला होता.

"आतापर्यंत सगळ्यात मोठा तुकडा केवढा झाला?" मी विचारलं.

त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "एवढा. जाडी तुमच्या पत्रिकेच्या कार्डाएवढी. त्याहून जाड केला की मधल्या पेशी उपाशी मरतात, कारण आत रक्तवाहिन्या नाहीत. आणि तो राहतो आमच्या पेटीत, माणसाच्या अंगाच्या उबेत. अंगावर कोणाच्या अजून लावलेला नाही."

मला बरं वाटलं. अगदी स्पष्ट सांगायचं तर आनंद झाला. नखाएवढा! मी खिशातून बटर पेपर काढून त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी तो उन्हात धरला आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"हे मामाजींच्या पायाचं? मला तर छोटीशी जखम आहे असं सांगितलं होतं. लगेच करून घ्यायला पाहिजे ऑपरेशन."

"तुमच्यासाठी थांबले आहेत. तुम्ही छापून आणाल म्हणून."

"मी? पण तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं. माझं ऐकत नाहीत."

"का?"

"मी तुमच्यावर जळतो म्हणून. त्यांना माहीत आहे."

वरून निंबोळी पडली, ती त्यांनी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "खरंच जळता?"

"हो. पण आत्ता ते सोडा. तुम्ही जाऊन सांगा."

ते उठले आणि छपरीत गेले. मी दारात उभा राहिलो. त्यांनी सांगितलं, पण प्राध्यापकासारखं. रक्तवाहिन्या, जेली, तापमान, माकडावरचे प्रयोग. सासरे डोळे मिटून ऐकत होते, जसं कोणी भजन ऐकावं. शेवटी म्हणाले, "वा! किती अभ्यास! काई घाई नाई बापू. तुमी सावकाश छापा. मी थांबतो."

साडू घामाघूम होऊन बाहेर आले. "यांना कसं सांगू?"

मी आयुष्यभर लोकांच्या मजकुराची कापाकापी केली आहे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'आपले नम्र'पर्यंत सगळं एका कार्डात बसवायचं, तर काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मला कळतं. सासऱ्यांसाठी हवं असलेलं वाक्य माझ्या डोक्यात कधीचं तयार होतं. माझ्या तोंडून ते चालणार नव्हतं, म्हणून पडून होतं. ते देऊन टाकायचं माझ्या जिवावर आलं. पण आत बाजेवर तो पाय होता, आणि फडक्यावर माशी बसत होती.

मी त्यांना वाक्य सांगितलं. आपल्या बोलीत, जसंच्या तसं. एकदा म्हणून घेतलं. त्यांचं 'ले' नीट येत नव्हतं, ते दुरुस्त केलं.

ते परत आत गेले आणि सासऱ्यांच्या पायाशी खाली बसले.

"मामाजी, माह्या पेशीले अजून तारखेवर तारीख आहे. तुमच्या धुऱ्याच्या केससारखीच. कवा निकाल लागंन, मले सांगता येत नाई. तुमच्या पायाची केस डॉक्टर आज निकाली काढून राह्यले. मांडीवर तडजोड करा अन् मोकळे व्हा."

सासऱ्यांनी डोळे उघडले. पायाकडे पाहिलं.

"तारखेवर तारीख?"

"हाव, मामाजी."

"असं हाय का मंग." त्यांनी दाराकडे पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाले, "थोरले, जीप सांगा नं. पाहून काय राह्यले?"

ऑपरेशन दोन दिवसांनी झालं. मांडीवरचा पापुद्रा पायाला लावून पाच दिवस झाकून ठेवला होता. पट्टी सोडली तेव्हा मी खाटेशी उभा होतो. साडूंची सुट्टी संपून ते परत गेले होते. डॉक्टरांनी शेवटचा थर सलाईनच्या पाण्याने भिजवून हळूच उचलला. खाली जांभळट गुलाबी कातडं बसलेलं होतं, कडांना एका बाजूला थोडं सरकलेलं. मी वाकून पाहिलं. इतकं सरकलेलं मी छापखान्यात कधी पास केलं नसतं. पण ते जिवंत होतं. करंगळी तेवढी काळी पडली होती, ती काढावी लागली. बाकी पाय राहिला.

पाहुणे भेटायला येऊ लागले. सासरे पाय पुढे करून दाखवत आणि सांगत, "धाकल्या जवायानं येऊन एका वाक्यात समजावलं. पायाची केस निकाली काढा म्हणे, मांडीवर तडजोड करा! शिकलेल्या माणसाचं बोलणंच वेगळं राह्यते, बापा." पाहुणे हसत, माना डोलवत. एक जण म्हणाला, "असं आपल्याले सुचलं असतं का?" मी त्याला चहा दिला.

बायकोला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगा न बाबाले." मी म्हणालो, "विश्वास ठेवतील?" ती विचार करून म्हणाली, "नाई." साडूंनी मात्र फोन करून सासऱ्यांना सांगितलं की ते वाक्य थोरल्यांचं आहे. त्यावर सासरे मला म्हणाले, "पाह्यलं का, मन किती मोठं? सोताचं वाक्य तुमच्या नावावर करून राह्यला!"

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला. सासरे काठी न घेता अंगणात फिरत होते. धुऱ्याची केस चालूच होती. साडूंचा तुकडा आता नखाएवढा राहिला नव्हता, पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता. त्यांनी फोटो आणला होता, तो आधी मला दाखवला. मी चष्मा काढून जवळून पाहिला. ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते, कुठला कुठे संपतो ते कळत नव्हतं. चांगली छपाई होती. मी तसं सांगितलं.

पाटावर बसलो. सासूबाईंनी ताटं आणली. मी मोजले. तेहतीस होते, एकही फुटलेला नाही.

मग मी शेजारच्या ताटाकडे पाहिलं. तिथेही तेहतीसच होते. पण त्यांचे जरा मोठे होते.